अष्टमीची ओहोटी

“अष्टमीला दुपारी बाराच्या ठोक्याला धक्क्यापाशी पाणी किती असतं, अंबाजी?” आरोपीचे वकील नझीर यांनी विचारलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात अंबाजी शिपाई पोलिसांच्या बाजूने साक्ष द्यायला उभा होता. एकोणीसशे अठ्ठावीस साल चाललं होतं. पोलिसात त्याची बावीस वर्षं झाली होती. समोरच्या बाकावर फौजदार डोळे वटारून बसले होते.

फौजदार पडले घाटावरचे. खोताच्या घरची चांदीची समई चोरीला गेली, तेव्हा त्यांचा संशय काळूराम खलाशावर गेला. पंचमीला त्याला घरून उचलला, तीन दिवस कोठडीत बदडला आणि चोरी कबूल करायला लावली. समई काही सापडली नाही. धरलेला माणूस एका दिवसाच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, हा कायदा. मग काय, फौजदारांनी ठोकून दिलं, की अष्टमीला दुपारी बारा वाजता मचव्यातून धक्क्यावर उतरताना आरोपीला अटक केली. त्याच संध्याकाळी मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन त्याच्याकडून ती कबुली पुन्हा वदवून घेतली. सगळा खटला तेवढ्या कबुलीवर उभा होता.

अहो, अष्टमीला बारा वाजता पुरी ओहोटी असते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल! अंबाजीने अटकेचा कागद पाहिला तेव्हाच चूक ओळखली होती. पण बोलायची छाती झाली नव्हती.

“पाणी नसतं, साहेब. चिखल असतो. मचवा लागत न्हाय.”

“मग काळूराम त्या वेळी कुठं होता?”

ठाऊक नाही म्हणाला असता, तर नोकरी वाचत होती. दाराशी काळूरामची बायको आवडाबाई उभी होती. तिच्याकडे बघून त्याला स्वतःची लाज वाटली.

“कोठडीत व्हता. पंचमीपासनं. मीच त्याला घरातनं आनला. सांजपतूर सोडतील, असं त्याच्या बायकोला सांगून आनला.” त्याने आपले हात पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवले. “मारताना त्याचे हात मी धरले व्हते.”

हे शेवटचं त्याला कुणी विचारलंही नव्हतं. मॅजिस्ट्रेटांनी टाक खाली ठेवला. तीन दिवस लपवून ठेवलेल्या माणसाची कबुली आपण धरणार नाही, आणि तिच्यावाचून पुरावा नाही, असं म्हणून त्यांनी काळूरामला सोडून दिलं.

बाहेर येताच फौजदारांनी अंबाजीला पट्टा उतरवून द्यायला सांगितलं. त्याने तो काढून दिला. काळूराम आवडाबाईसोबत ओसरीवर उभा होता. त्याची माफी मागावी म्हणून अंबाजी जवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर ठेवायला त्याने हात उचलला.

काळूराम दोन्ही हातांनी डोकं झाकून भिंतीशी खाली बसला.

“न्हाय मारत आता ते,” आवडाबाई नवऱ्याला हळूच म्हणाली.

अंबाजीचा हात तसाच वर राहिला. तो खाली घ्यायला त्याला बराच वेळ लागला.