पेटीसकट चल

मित्रांनो, मी पत्र्याची पेटी आहे. आता जुनी झाले. माझा एक कोपरा गंजला आहे आणि झाकण जोरात आपटल्याशिवाय कडी बसत नाही. तरी स्वतःबद्दल माझं मत काही वाईट नाही.

माझा जन्म कर्नाटकातल्या आळंदच्या बाजारातला. हावगेप्पा नावाच्या कारागिराने पत्रा कापला, कडा ठोकून दुमडल्या, हिरवा रंग दिला आणि झाकणावर गुलाब काढले. गुलाब काढले म्हणजे पेटी लग्नाची. बिनगुलाबाच्या पेट्या वसतिगृहात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी जात. पत्रा दोन्हींचा एकच, पण आम्ही गुलाबवाल्या त्यांच्याकडे नाक वर करूनच पाहत असू.

मला जवळच्याच खेड्यातल्या सोजराबाईंनी घेतलं. त्यांची मुलगी शैलश्री तेव्हा पाचवीत होती. लेकीची पेटी अशी आधीच आणून ठेवायची आणि दरसाल थोडी थोडी भरत जायची, ही त्या घरची रीत. कधी पितळी तांब्या, कधी ताटं, कधी एखादं लुगडं. शेजारणी येत, झाकण उघडून बघत आणि माझं कौतुक करत. शैलश्री मात्र माझ्यावर बसून मोठ्याने धडे वाचायची, एक कन्नड, एक मराठी. मला त्यातलं फारसं काही कळलं नाही.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढे काय, असा विचार चालला होता, तेव्हा कलबुर्गीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या राजश्रीअक्का घरी आल्या. त्यांचं स्वतःचं लग्न नववीत असतानाच लावलेलं. नर्सिंग त्यांनी फार उशिरा आणि फार हाल सोसून केलं. तेव्हापासून त्या आपल्या पगारातून गावाकडच्या मुलींना शिकवतात. शैलश्रीच्या वसतिगृहाचा, पुस्तकांचा आणि कपड्यांचा भार मी उचलते, असं त्या म्हणाल्या. फक्त अठरा पूर्ण होईपर्यंत तिचं लग्न करायचं नाही. शैलश्रीच्या वडिलांनी, किशनरावांनी, तसा शब्द दिला.

वसतिगृहात कुलपाची पेटी लागते आणि घरात तशी मीच होते. सोजराबाईंनी भांडी पोत्यात भरली आणि मी कलबुर्गीला बिनगुलाबाच्या पेट्यांच्या रांगेत जाऊन बसले. तिथे माझं नाक आपोआप खाली आलं.

तिथली एक गोष्ट मला लवकर समजली. सणाला मुली घरी जात त्या पिशवी घेऊन, पेटी पलंगाखालीच राही. जिची पेटी घरी जाई ती मुलगी परत येत नसे. तिचं लग्न झालेलं असे. त्याविषयी कुणी फारसं बोलत नसे.

शैलश्री नववीत असताना येळवस आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात सगळे सोयरे शेतात जमून भज्जी, म्हणजे शेंगभाज्यांची मिसळ, आणि ताकातली आंबील जेवतात. शैलश्रीची परीक्षा होती म्हणून ती गेली नव्हती. जेवताना सोजराबाईंच्या माहेरच्यांनी विषय काढला. सोजराबाईंचा धाकटा भाऊ शिवराज, त्याला शैलश्री द्यावी. मामाला भाची देणं आमच्याकडे जुनंच आहे. किशनरावांना सासुरवाडीला नाही म्हणवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. वर त्यांनी मनाशी एक तोडगाही काढला. अक्षता आत्ता टाकायच्या, नांदायला अठरानंतर पाठवायचं. म्हणजे सोयरेही राहिले आणि दिलेला शब्दही राहिला. असा तोडगा आमच्या भागात पुष्कळ शहाणी माणसं काढतात. अक्षता पडल्या की लग्न झालंच, हे त्यांना कुणी सांगत नाही. मला हे सगळं नंतर कळलं.

थोड्याच दिवसांनी किशनराव रिक्षा घेऊन वसतिगृहात आले. आजी आजारी आहे, पेटीसकट चल, म्हणाले. शैलश्रीने मला ओढत व्हरांड्यात आणलं आणि सामान भरायचं सोडून ती माझ्यावरच बसली.

"आजीला बघायला पेटी कामून लागती, अप्पा?"

आईनंच मागवलीय, असं किशनराव खाली बघत म्हणाले.

"मग आईलाच इचारते."

वसतिगृह सांभाळणाऱ्या चन्नव्वांनी फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. शैलश्रीने आईला विचारलं, तू पेटी मागितलीस का? शैलश्रीने माझी कडी घट्ट धरून ठेवली होती. मी पडले निर्जीव, मला कशाचं काही वाटू नये. पण तेव्हा मी घाबरले होते.

"म्या न्हाई मागितली," सोजराबाई म्हणाल्या. मग त्या नवऱ्याशी बोलू लागल्या. "अवं, ऐकायलाव का? पोरीला तिथंच राहू द्या, पेटीबी राहू द्या. माझ्या भावाला मी सांगते. माहेर तुटलं तर माझं तुटंल, तिची शाळा कामून तुटावी?"

सोबत आणलेला शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा किशनरावांनी लेकीच्या हातात दिला आणि ते रिकाम्या रिक्षात जाऊन बसले.

सोजराबाईंचं माहेर खरंच तुटलं. पुढच्या येळवसला त्यांना बोलावणं आलं नाही आणि अजूनही येत नाही. शिवराजचं दुसरीकडे लग्न झालं. शैलश्री आता बीदरला कॉलेजात आहे. जाताना तिने चाकांची बॅग घेतली आणि मला इथेच ठेवलं, याचं मला थोडं वाईट वाटलं. सध्या मला राजश्रीअक्कांनी धाडलेली दुसरी एक मुलगी वापरते. ती कुलूप लावायला हमखास विसरते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी साध्या सुट्टीला जाताना सगळंच सामान आवरताना दिसली, तर तिला विचारा, परत कधी येणार? तिला सांगता आलं नाही, तर लगेच बाईंना जाऊन सांगा. माझ्या बिजागऱ्यांना तेल सवडीने घातलं तरी चालेल. हे मात्र त्याच दिवशी करा.