भेग मिटली पाहिजे

बीमवर साडेचार टन भार घालायचा, भेग पडू द्यायची, मग भार काढायचा. भेग मिटली पाहिजे. नाही मिटली तर विषय बदला आणि वर्ष पुन्हा करा. आपटे सरांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की जणू कँटीनमधला चहा संपलाय असं सांगत असावेत.

विषय माझा होता: हलक्या काँक्रीटचे बीम. खडीऐवजी राखेच्या भाजलेल्या गोळ्या, आणि खालच्या अंगाला ताणून धरलेल्या पोलादी तारा. काँक्रीट कडक झाल्यावर तारा सोडल्या, की त्या आखडायला बघतात आणि बीमचं पोट आवळून धरतात. सरांना ते पटतच नव्हतं. "सुरय्या, तुमचं काँक्रीट कुरमुऱ्यांचं आहे. सहा महिन्यांत सगळा ताण गिळून बसलं असेल."

दोन बीम ओतले होते. एक तारा सोडतानाच टोकाला फुटला. उरला हा एकच.

आदल्या दिवशी मी त्याला चुना फासला. पांढऱ्यावर भेग नीट दिसते म्हणून सगळेच फासतात, पण मला फोटोही देखणा हवा होता ना! दोन हात दिले, टोकंसुद्धा सोडली नाहीत. सकाळी चौघांनी बीम उचलून आधारांवर ठेवला. वाघोलीतल्या आमच्या कॉलेजची ही लॅब एरवी ओस असते, आज दारात गर्दी होती.

लॅबमधले मच्छिंद्रमामा पूर्वी गवंडी होते. समोर काहीही लांबट आलं, की आधी त्यावर दोरी धरायची, ही त्यांची सवय.

"मामा, इथे भिंत बांधायची नाहीये," सर म्हणाले.

मामांनी दुसरं टोक माझ्या हातात देऊन दोरी ताणलीच. मग वाकून बघितलं. "म्याडम, मधी फट हाय. काडी सरकतीया."

पोट आवळलेला बीम मधोमध किंचित वर उचललेला असतो. दोरी तिथे टेकायला हवी होती. म्हणजे बीम उलटा ठेवला होता, तारा वरच्या अंगाला. खडूने लिहिलेली 'वर' ही खूण मीच चुन्याखाली गाडली होती. अर्ध्या टनातच तो मोडला असता, आणि काँक्रीटच वाईट असं सरांना वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

"उलटा करा," मी म्हणाले.

बीम पालथा झाला आणि जॅक सुरू झाला. एक टन, दोन टन. तीन टन झाले तरी बीम तसाच. मग अगदी खालून केसाएवढी भेग वर चढली. मी पेन्सिलीने तिच्या कडेकडेने रेघ मारत गेले. साडेचार टनांना भेगा चार झाल्या होत्या, मधलीत नखाची कड शिरत होती, आणि बीम नुसत्या डोळ्यांना वाकलेला दिसत होता. आकडे मी दोनदा चुकीचे लिहिले.

"सोडा," सर म्हणाले.

मामांनी हळूहळू भार उतरवला. बीमचा वाक मोजणाऱ्या गेजचा काटा मागे फिरू लागला. मला बघवेना. सर भिंग घेऊन बीमखाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"ही पेन्सिलीची रेघ दिसते. भेग कुठे आहे?"

"रेघेच्या शेजारीच, सर."

"नाही." त्यांनी नख फिरवून बघितलं, ओलं फडकं फिरवलं. "चारही नाहीत. घ्या, बघा."

भिंगातून मी बघितलं. पांढरा चुना, त्यावर माझी वाकडीतिकडी रेघ, आणि शेजारी काहीही नाही. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडले. दारातली पोरंही ओरडली.

सरांनी भिंग पुसून खिशात टाकलं. "ओरडून झालं असेल, तर आता पुरता मोडा. आपल्या प्रबंधात शेवटचा आकडा लागेल."

आपल्या प्रबंधात. मी मामांच्या हातून जॅकचा दांडा घेतला.