रोबाईच्या नावचं पाकीट

“आत काय आहे, नेलिमाची आई?” रोबाईमावशीनं खिडकीतून विचारलं. मी म्हटलं, “फोटो.”

तिनं पाकीट जरा हलवलं. दवाखान्याची फिल्म कशी वाजते ते आमच्या स्टँडवर कुणालाही सांगावं लागत नाही. शिवाय वर शिक्का होता, माझं नाव होतं. मटाटूनं, म्हणजे प्रवासी व्हॅननं, जाणारी-येणारी पार्सलं रोबाईमावशी सांभाळते. आलेलं पार्सल ती नावासकट, आतल्या मालासकट ओरडून सांगते. वेकेसाच्या कोंबड्या आल्या, त्यातली एक वाटेतच मेली, हे वेकेसाच्या आधी बाजाराला कळतं. आणि तिच्या खिडकीसमोरच माझ्या सासूबाई केळी विकायला बसतात.

माझ्या छातीत गाठ होती. इथल्या डॉक्टरांनी स्तन काढावा लागेल म्हणून सांगितलं होतं. त्याआधी मला एल्डोरेट शहरातल्या डॉक्टरीणबाईंचं मत हवं होतं. त्यांनी आधी फोटो पाठव म्हटलं होतं. सासूबाईंच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी त्याच दिवशी माझ्या तान्ह्या नेलिमाचं अंगावरचं दूध तोडून तिला आपल्याकडे नेलं असतं. जाऊ आजारी पडली तेव्हा तिचं पोर त्यांनी असंच नेलं, ते अजून त्यांच्याकडेच आहे.

हे मी कसंबसं, खालच्या आवाजात मावशीला सांगितलं. पिठाच्या पोत्याचा जाड कागद फाडून तिनं पाकीट गुंडाळलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं.

“उत्तरही माझ्याच नावानं मागव,” ती म्हणाली. “आत मात्र तुझंच नाव राहू दे. नाहीतर डॉक्टरीणबाई मलाच कापायची.”

उत्तर आलं ते कंडक्टरनं टपावरूनच ओरडून सांगितलं, रोबाईला हॉस्पिटलातून पाकीट आलंय. असं ओरडायला त्याला तिनंच शिकवलं होतं. सासूबाई हातातली केळी ठेवून उठल्या आणि काय झालंय गं तुला, विचारू लागल्या.

“वय झालंय,” मावशी म्हणाली, आणि पाकीट मांडीखाली सरकवलं.

आत लिहिलं होतं, गाठ दुधाची दिसते, पण येऊन तपासून घे. पुढच्या आठवड्यात मी नेलिमाच्या लसीचं निमित्त करून एल्डोरेटला जाऊन आले. बाईंनी सुईनं दूध ओढून तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या, बाळाला पाजत राहा म्हणाल्या.

परत आले तर सासूबाईंनी रोबाईसाठी उकडलेली अंडी काढून ठेवलेली. बिचारीला कुणी नाही, नेऊन दे म्हणाल्या. मावशीनं माझ्यासमोरच एक सोलून खाल्लं. “सासूला सांग, माझा आजार लांबणार आहे.”

मी म्हटलं, मावशी, आता खरं सांगून टाकते सगळ्यांना.

“काय सांगशील? मी धडधाकट आहे म्हटलंस की विचारतील, मग आजारी कोण होतं?”

रविवारी चर्चमध्ये पास्टरांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. सगळ्या माना रोबाईमावशीकडे वळल्या. ती उठली, डोक्याचं फडकं सारखं केलं, सावकाश पुढे गेली आणि गुडघे टेकले. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडत रडत देवाकडे तिचं आयुष्य मागितलं.

शेवटच्या बाकावर, माझ्या कांगाच्या पदराआड, नेलिमा दूध पीत होती.