हात नसलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. चार पाय, पाठ ताठ, हात मात्र नाहीत. सुताराने कुणाच्या तरी दरवाज्याच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं आणि हातांपर्यंत येता येता लाकूडच संपलं. "असू दे, चालेल मला," म्हणत जिने मला घरी नेलं ती माझी मालकीण.

मालकीणबाई कापडाच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाईक असो वा नसो, काउंटरमागे बसायचं नाही असा तिथला नियम. घरी आल्या की माझ्यावर बसून सुजलेली पावलं चोळायच्या आणि लेकीला म्हणायच्या, "एकदा का हे काम सुटलं, की मी बसणार. मग बघू मला कोण उठवतंय!"

लेकीने ते मनावर घेतलं. आई निवृत्त झाली तशी हौसेने सोफा घेऊन आली. "आई, आता तू फक्त बस." सोफा कसला, दलदलच ती! बसलेलं माणूस आत रुतायचं. माझी रवानगी गॅलरीत झाली, ओले कपडे अंगावर वाळवायला. खोटं कशाला बोलू, मला भयंकर राग आला होता.

मालकीणबाई खरंच बसल्या. भाजी घरपोच येऊ लागली, मग जिना नकोसा झाला, पुढे सोफ्यातून उठायला शेजारीण हात देऊ लागली. एकदा फरशीवर पडलेला चष्मा घ्यायला खाली बसल्या आणि शेजारीण येईपर्यंत तिथेच अडकल्या. लागलं काही नव्हतं, पण दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीचा धीर सुटला. फोनवर म्हणाली, "महिनाअखेरीला न्यायला येते तुला. घराला कुलूप लावू."

लेक मायाळूच होती. पण हे घर मालकीणबाईंनी उभ्याउभ्या कमावलेलं. फोन ठेवून त्या रडल्या. गॅलरीतून मला ते दिसलं आणि माझा राग कुठच्या कुठे पळाला.

शेजारणीने व्यायाम शिकवणाऱ्या एका ताईंना आणलं. त्यांनी सोफ्याकडे बघून नाक मुरडलं आणि मला आत ओढलं. मी खूश!

"हिला हात नाहीत ना? मग हीच हवी. कशाचाही आधार न घेता बसायचं नि उठायचं."

"म्हणजे उठाबशा? या वयात? मी काय गुन्हा केलाय?"

"गुन्हा नाही हो मावशी. दिवसभर जे बसणं-उठणं करतो, त्याचाच सराव करून अंगात बळ भरायचं."

पहिल्या दिवशी मालकीणबाईंना जमेना, तेव्हा त्यांनी मलाच शिव्या घातल्या. ताईंनी माझ्यावर उशी ठेवली, मी जरा उंच झाले, तेव्हा कुठे उठल्या. काही दिवसांनी उशी गेली. मग अर्धी बादली पाणी घेऊन घरभर चालणं आलं, एकच पायरी चढणं-उतरणं आलं. शेवटी माझ्या बैठकीला धरून एक गुडघा जमिनीला टेकवायचा आणि उठायचं. त्यांच्या मांड्या थरथरायच्या. मी जीव मुठीत धरून उभी असायचे.

लेक आली ती मोठी बॅग घेऊनच. प्रवासाने आंबलेली, सोफ्यात धपकन बसली आणि तिचा फोन निसटून थेट सोफ्याखाली गेला. उठायला गेली तर, "आई गं, कंबर!" दिवसभर ऑफिसात बसून काम, दुसरं काय होणार?

मालकीणबाईंनी एक गुडघा टेकवला, सोफ्याखालून फोन काढला आणि उठल्या. मलासुद्धा धरलं नाही. मी तयारीत होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग लेकीला हात देऊन त्यांनी वर ओढलं.

लेक बघतच राहिली. "आई, तू उठलीस?"

"मग? आता तू कधी उठणार?"

दोघी हसल्या, हसता हसता लेकीचे डोळे भरून आले. बॅग तशीच दाराशी राहिली. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मला वाईट वाटलं का? थोडंसं. एवढी राबले आणि ऐनवेळी नको झाले. पण अशी नको होण्यासाठीच तर मला आत आणलं होतं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

बराच वेळ मी बोलले, आणि तुम्ही बसून ऐकलंत. आता उठा बघू. मी कुणाला सांगणार नाही, पहिल्यांदा नाही जमलं तरी.