ती मोकळी होती

तपासणीला सर्व्हेअर यायचा असला की जहाजाला रंग मारायचा, हे तन्वी केळुसकर पाढ्यांच्या आधी शिकली. तिचे बाबा मनोहर केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याचे. आधी जहाजावर चीफ इंजिनियर होते, आता सिंगापूरच्या हार्बरफ्रंट धक्क्यावर एका ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या जहाजांची दुखणी काढत. त्यांच्या मते जगात माणसं दोनच जातीची, तपासणारी आणि तपासली जाणारी. तपासणाऱ्याला आधी पोटभर जेवू घालावं, मग चकचकीत भाग दाखवावा, आणि गंजलेल्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर चार पिंपं आडवी ठेवावीत. त्यांचं एकही जहाज कधी बंदरात अडकलं नव्हतं. तेव्हा मुलगी का अडकावी?

या खेपेची सर्व्हेअर होती रत्ना नावाची इंडोनेशियन बाई. बायकांच्या बास्केटबॉलची एक नवी व्यावसायिक लीग निघाली होती आणि तिच्यातल्या सुराबायाच्या संघासाठी ती पोरी हेरत फिरत होती. पुढच्या महिन्यात ड्राफ्ट होता. म्हणजे एकेका संघाने आळीपाळीने कॉलेजच्या खेळाडूंची नावं पुकारायची. जिचं नाव पुकारलं गेलं ती व्यावसायिक खेळाडू, जिचं राहिलं तिने निमूट नोकरीला लागायचं. तन्वीचं युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष. नाव यादीत होतं. पण सिंगापूरच्या पोरींसाठी हेरणाऱ्यांनी विमानाची तिकिटं काढावीत असे दिवस नव्हते. रत्नाही समोरच्या बाटाम बेटावरच्या मुली बघायला आली होती आणि परतताना फेरीबोटीने इकडे डोकावणार होती, एकाच मॅचपुरती.

"फेरी हार्बरफ्रंटलाच लागते," मनोहर म्हणाले. "माझ्या ऑफिसखाली! मीच आणतो तिला घरी. जेवायला."

"बाबा, ती मॅच बघायला येतेय. मॅच उद्या आहे."

"म्हणूनच आज जेवण."

पिंपं कुठे आडवी ठेवायची तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. पहिल्या वर्षी तन्वी बास्केटखाली उभी राहायची. पाच फूट नऊ इंच उंची म्हणजे इथल्या कॉलेजांत ताडच. बॉल वर मिळाला की आत टाकायचा, मिळाला की टाकायचा. मॅचमागे वीस-पंचवीस पॉइंट. मनोहर ते इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागे. ज्यांना बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल यांतला फरक ठाऊक नव्हता त्यांचे अंगठे सगळ्यांत आधी येत.

मग दुसऱ्या वर्षी नव्या कोच आल्या. मॅडम तेओ. बुटक्या, तुटक बोलणाऱ्या, एकेकाळच्या खेळाडू. त्यांनी आठवडाभर तन्वीला बघितलं आणि म्हणाल्या, "इथे तू उंच आहेस. बाहेर सेंटरच्या, म्हणजे बास्केटखालच्या जागेवर तू बुटकी. आजपासून तू गार्ड. बॉल तू आणायचा." झालं. बास्केटखालची राणी मैदानाच्या त्या टोकाला गेली. बॉल घेऊन यायचा, खेळ मांडायचा, दुसरीला पास द्यायचा. पहिले सहा महिने तिच्या हातून बॉल असा निसटे की जणू त्याला साबण लावलाय. पॉइंट घसरले. मंडळाच्या ग्रुपवर अंगठे आटले. मनोहरांनी त्या दिवसापासून मॅडम तेओंचं नाव घरात घेतलं नाही. "ती तुमची बाई" एवढंच.

त्या बाईंचा सरावात एकच नियम होता. बास्केट हुकली तर कुणाला शब्द नाही. पण जी मुलगी मोकळी आहे तिला पास दिला नाही, तर सगळा संघ धावणार, आणि पास न देणारी मधोमध उभी राहून बघणार. तन्वीने तसं उभं राहून इतक्यांदा बघितलं होतं की दमलेल्या मैत्रिणींचे डोळे तिला स्वप्नात दिसत. तीन वर्षांत तिची मान आपोआप वळायला लागली. कोण मोकळं आहे? आधी ते.

जेवायला रत्ना आली. नाव ऐकूनच आई, सुचित्रा, विरघळली. "अगं, आपल्यातलंच नाव!" टेक्का मार्केटातून आणलेली सुरमई, सोलकढी, वर उकडीचे मोदक. रत्ना पोटभर जेवली, सोलकढी दोनदा मागून घेतली. मनोहरांच्या चेहऱ्यावर अर्धा सर्व्हे पास झाल्याचं समाधान पसरलं. मग त्यांनी टीव्ही लावला.

व्हिडिओ प्रबोधकाकांनी बनवला होता. प्रबोधकाका म्हणजे बाबांचे पुण्याचे मित्र, आयटीतले मॅनेजर. खेळाशी त्यांचा संबंध सोफ्यावरून आला तेवढाच, पण मत भरघोस. 'स्काउटला पॉइंट दाखवा, बाकी सगळं फिलर,' हे त्यांचं मत. त्यामुळे व्हिडिओभर तन्वी बास्केटखाली उभी होती आणि टाकत होती. सगळं पहिल्या वर्षातलं. एकही पास नाही. मागे ढोल-ताशा.

"बघा," मनोहर इंग्रजीत म्हणाले, "मूळची अशी आहे. मधे कोचने जरा बांधून ठेवली. तुमच्याकडे आली की सुटेल."

रत्नाने बोटं पुसली. "मिस्टर केळुसकर, खरं सांगू? अशा सेंटर माझ्याकडे आहेत. हिच्याहून वीतभर उंच. हा व्हिडिओ मला आधीच मिळाला होता. मी हिच्या नावावर काट मारायलाच आले होते, म्हटलं जाता जाता बघून मारावी."

सुचित्राच्या हातातला मोदक हातातच राहिला.

तन्वीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. टेबलाखाली बाबांचा पाय तिच्या पायाला लागला. गप्प बस, असा. ती बसली नाही.

"मारा काट," ती म्हणाली. "तो व्हिडिओ खोटा नाहीये, शिळा आहे. त्यातली मुलगी मलाही नकोय. उद्या मॅचला या, मी गार्ड खेळते. आणि सेंटर म्हणून घेणार असाल तर घेऊच नका."

"मोदक?" सुचित्रा सगळ्यांना विचारत सुटली. "मोदक घ्या ना कुणीतरी."

रत्नाने घेतला. खाताना तन्वीकडे बघत राहिली.

टॅक्सी गेल्यावर मनोहर फुटले. "नका घेऊ म्हणे! अगं, सर्व्हेअरला कुणी आपणहून सांगतं का, की बघा, आमच्या तळाशी पाणी शिरतंय?"

"पाणी शिरतच नाहीये, बाबा! तू रंग फासलास म्हणून तिला संशय आला."

"उद्या तीस पॉइंट कर. मग बोल."

"नाही करणार."

"म्हणजे?"

"म्हणजे जमले तर होतील. त्यासाठी नाही खेळणार. कान्ट lah, बाबा."

सिंगापुरी 'lah' घरात आला की वाद संपला असं केळुसकरांच्या घरात धरलं जाई, कारण त्यावर मराठीत उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये माणसं तुरळकच. रत्ना एका कोपऱ्यात. मनोहर बरोब्बर मधे, आवाज पोचेल अशा जागी. आणि तन्वीच्या नशिबाने तिची मैत्रीण हुई मिन त्या संध्याकाळी हातांना लोणी लावून आली होती. तन्वी दोघींना आपल्यावर ओढून घेई, मान डावीकडे, बॉल उजवीकडे, आणि हुई मिन एकटी, बास्केटच्या तोंडाशी, मोकळी. अन् बॉल रिंगवर आपटून बाहेर. पुन्हा पास. पुन्हा बाहेर. बास्केट हुकली की आधीचा पास कुठल्याच आकड्यात धरत नाहीत. तन्वीने जे काही चांगलं केलं होतं ते जमेच्या बाजूला पोचायच्या आधीच हवेत विरत होतं.

"अगं तू टाक!" मनोहरांचा मराठी आवाज घुमला. "तन्वे, टाक ना! कुणाला देतेस?"

"बाबा, खाली बस!" तन्वी बॉल घेऊन धावता धावताच ओरडली. पंचाने चमकून पाहिलं. भाषा कळली नाही, पण सूर कळला.

मध्यंतराला संघ मागे होता. तन्वीने टॉवेल तोंडावर घेतला. कोपऱ्यात रत्ना फोनवर काहीतरी बघत होती. परतीच्या फेरीची वेळ असेल. तन्वीला वाटलं, आता दोनचार उगाच टाकावेत. थोडेच. पाहुणीपुरते. बाबा म्हणतात ते सगळंच काही चुकीचं नसतं. जहाज सुटतं ना शेवटी?

मॅडम तेओ शेजारी येऊन बसल्या. "तुझ्या वडिलांनी सकाळी फोन केला होता. म्हणाले, आजच्या दिवस तरी बास्केटखाली ठेवा."

तन्वीने टॉवेल काढला. "मग?"

"मग काय? बास्केटखाली उभं राहायचं असेल तर राहा. माझ्या शेजारी पण जागा आहे, बाकावर." त्यांनी पाणी पुढे केलं. "पास बरोबर होते. हात चुकले. हात तुझे नाहीत."

उत्तरार्धात हुई मिनचे दोन पडले. दुसऱ्या मुलींचे तर धडाधड पडले. तन्वी मान एकीकडे आणि बॉल दुसरीकडे असा खेळ मांडत राहिली, आणि समोरच्या मुली रस्ता चुकलेल्या प्रवाशांसारख्या भलत्या दिशेला धावत राहिल्या. मनोहरांचा आवाज हळूहळू बंद झाला. शेवटच्या क्षणी एका पॉइंटची पिछाडी. बॉल तन्वीकडे. तिने मुसंडी मारली, दोघी तिच्यावर झेपावल्या. सगळ्या हॉलला वाटलं, टाकणार. मनोहर उभे राहिले. तिने पास दिला. हुई मिनला.

रिंगवर बॉल एकदा नाचला, आणि बाहेर.

हरले. हुई मिन जमिनीवर बसून रडायला लागली. तन्वीने तिला उठवलं आणि तिच्याबरोबर चालत बाकाकडे आली. तिथे रत्ना उभी होती. मागोमाग मनोहरही आले, चेहरा सर्व्हे नापास झालेल्याचा.

"शेवटचा बॉल तू का नाही टाकलास?" रत्नाने विचारलं.

"माझ्यावर दोघी होत्या. ती मोकळी होती."

"ती संध्याकाळभर चुकत होती."

"संध्याकाळभर मोकळीही तीच होती." तन्वीने घाम पुसला. "पुन्हा खेळले तर पुन्हा तिलाच देईन."

रत्ना मॅडम तेओंकडे वळली. "ही सवय तुम्ही लावलीत?"

"ती धावली नाही. बाकीच्या धावल्या," मॅडम तेओ म्हणाल्या. "त्याने लागते."

"माझ्या संघात हा शेवटचा बॉल आत टाकणाऱ्या तिघी आहेत," रत्ना म्हणाली. "त्यांना तो देणारी नाही. आणि या उंचीची गार्ड तर आमच्याकडे मी पाहिलेली नाही. वचन देत नाही. पण काट मारत नाही." मग मनोहरांना, "सुरमई फार छान होती. व्हिडिओ तेवढा कुणाला पाठवू नका."

ती गेल्यावर मनोहर मॅडम तेओंसमोर उभे राहिले. जन्मात कुणा कोचसमोर असे उभे राहिले नव्हते. "मॅडम, हे उंचीचं गणित तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं असतंत तर," मॅडम तेओ म्हणाल्या. "तुम्ही नेहमी पॉइंटच विचारलेत."

ड्राफ्टचा दिवस. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, प्रबोधकाका फोनवर. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. सुचित्राने उठून उगाच भांडी लावली. तिसऱ्या फेरीत, अगदी शेवटाकडे, सुराबायाने नाव पुकारलं. केळुसकरचं त्यांनी 'केलुस्का' केलं, पण त्यापुढे 'गार्ड' मात्र स्वच्छ म्हणाले.

"अभिनंदन रे!" प्रबोधकाका ओरडले. "शेवटी सेंटर म्हणून..."

"गार्ड," मनोहर म्हणाले. "नीट ऐकत जा, प्रबोध. गार्ड आहे ती." आणि फोन ठेवला. मग तोच पुन्हा उचलून मंडळाचा ग्रुप उघडला. "त्या मॅचचे पॉइंट किती लिहू?"

"चार," तन्वी म्हणाली.

"चार?"

"चार. आणि हरलो, तेही लिही."

मनोहरांचा अंगठा रंगाच्या डब्यावर घोटाळावा तसा स्क्रीनवर घोटाळला. मग त्यांनी लिहिलं: चार पॉइंट, मॅच हरली, ड्राफ्टमध्ये निवड. पाठवलं. लगेच कुणीतरी विचारलं, 'फक्त चार?'

"हो," मनोहरांनी उत्तर टाकलं, "चारच. काही म्हणणं आहे?"