शेगडीपुढची जागा

नोदिराच्या पायाला भिंगरीच होती. बुखाऱ्याहून कानाझावाला येऊन तिला बरीच वर्षं झाली, जपानी आमच्यासारखं बोलायला लागली, पण स्वस्थ बसायला काही शिकली नाही. त्या दुपारी नो या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या नाट्यगृहात, मागच्या खोलीत ती आपलं गिज्जाक, म्हणजे मांडीवर उभं धरायचं सारंगीसारखं वाद्य, पिशवीत घालत होती, पुन्हा काढत होती. मी शेगडीपुढे बसून ह्यांच्या त्सुझुमीची, म्हणजे हाताने वाजवायच्या ढोलाची, कातडी भाजत होते.

हे म्हणजे माझे यजमान, तोकिहारू. मोठा त्सुझुमी वाजवण्यात त्यांचा जन्म गेला. त्याची कातडी तासाहून जास्त वेळ निखाऱ्यांवर धरून कोरडीठाक करावी लागतात, तेव्हा कुठे ती खणखणतात. लग्न झाल्यापासून ते काम माझं. दुसऱ्या कुणाला मी शेगडीजवळ फिरकू देत नाही.

ह्यांची आणि नोदिराची एकत्र वाजवणारी जोडी आमच्या वादकांच्या घराण्यात बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खुपत होती. शेवटी घराण्याच्या प्रमुखांनी सांगितलं, एकदा मंचावर वाजवा, मी ऐकतो, मग ठरवू. ते नको म्हणाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं, कारण घराण्याचा शब्द मोडून वाजवणारे हे नव्हेत. पण नोदिरा यायला लागल्यापासून हे घरात गुणगुणायला लागले होते. ते थांबेल या विचारानेच माझा जीव टांगणीला लागला होता.

नोदिराला रोज सराव हवा असायचा. आमच्यात कार्यक्रमाआधी एकच तालीम. जास्त घोटलं की वादक एकमेकांचं ऐकेनासे होतात, असं हे म्हणत. मग ती माझ्यामागे लागायची.

"काकू, एकदाच. अगदी हळू वाजवू. सांगा ना गुरुजींना."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मी म्हटलं. "बस जरा. मी कोळसे घेऊन येते."

दारात नेमकी प्रमुखांची गाडी आली आणि नमस्कार-चमत्कारात माझा वेळ गेला. परत येऊन बघते तर कातडी शेगडीपासून लांब, खिडकीशी, ओल्या हवेत ठेवलेली. तडकली असती म्हणून हलवली, असं नोदिराने कौतुकाने सांगितलं. तिच्या वाद्यालाही कातडंच असतं आणि ते विस्तवापाशी न्यायचं नाही, हे तिच्या उस्तादांनी लहानपणीच बजावलेलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा भाजायला वेळ नव्हता. हे आले, दोऱ्या आवळल्या, बोटाने एक टिचकी मारली. खिडकीकडे पाहिलं, नोदिराकडे पाहिलं आणि मंचाकडे निघाले.

मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पहिला ठोका पडला तो धप्प. प्रमुखांची भुवई वर गेली. नोदिराचा गज हवेतच थांबला, चेहरा पांढराफटक पडला. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

ठोक्याआधी आमच्यात तोंडाने हाक देतात. ह्यांनी ती हाक लांबवली, आणखी लांबवली, ठोका मात्र मारलाच नाही. नोदिराने ठरलेली धून सोडली आणि त्या हाकेखाली एकच खर्जातला सूर धरून ठेवला. मग दोघं अंधारात हात धरून जिना उतरावा तसे पुढे गेले. त्सुझुमी क्वचितच बोलला. माझा पाय मात्र एका जागी ठरत नव्हता.

संपल्यावर प्रमुख आत आले. ह्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"आज गळा ऐकला. पुढच्या वेळी कातडं ऐकवा."

पुढच्या वेळी, म्हणाले ते. मी भिंतीला टेकले.

ते गेल्यावर नोदिराने चटईला कपाळ टेकलं. कातडी मीच हलवली, म्हणाली, आणि रडायला लागली.

"ठाऊक आहे," हे दोऱ्या सोडत म्हणाले. "रोज यायचं होतं ना तुला? ये उद्यापासून. वाजवायला नाही, भाजायला."

भाजायला बसवतात ते घरच्या शिष्याला. म्हणजे ती आता आमची झाली. मला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं. ती जागा माझी होती, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नोदिरा आमच्या घरी हजर. मी शेगडीपुढच्या गादीवरून उठले, तिथे तिला बसवलं, कातडं निखाऱ्यांपासून किती वर धरायचं ते दाखवलं.

"आता हलायचं नाही," मी दटावलं.

ती हलली नाही. मी मात्र स्वयंपाकघर ते शेगडी, शेगडी ते स्वयंपाकघर, दुपारपर्यंत फेऱ्या मारत राहिले.