तौनोचा कंदील

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी कामावर परतलो, तर एक तक्रार वाट पाहत होती. केमी गावच्या राइलीबाईंची. नवऱ्याने, तौनोने, आमच्या खेळात त्यांना कंदील भेट पाठवला होता आणि तो कुठे दिसत नव्हता. तक्रारीची तारीख चोवीस जुलै. उन्हाळी सुट्टीमुळे जुलैभर कंपनीला कुलूप असतं, सर्व्हर एकटाच चालतो.

आमचा खेळ संगणकावरचा, जहाजांचा. हजारो माणसं घरबसल्या एकाच समुद्रावर बंदरं बांधतात, ताफे लढवतात. त्यात कंदील म्हणजे किरकोळ वस्तू, पण त्यावर एक ओळ कोरता येते. मी बाईंना फोन केला.

"नवा कंदील देऊन गप्प बसवू नका हं मला," त्या म्हणाल्या. "तौनोने तो इस्पितळातून पाठवला, बावीस जूनला. चार दिवसांनी गेला. मला महिनाभर संगणकाकडे बघवलं नाही. त्याने काय लिहिलंय, तेवढंच हवंय."

"शोधतो," मी म्हणालो.

मी खऱ्या बंदरातली क्रेन चालवायचं सोडून पन्नाशीत हे काम शिकलो, त्यामुळे कोड बोट ठेवून वाचतो. शेजारी हिल्का बसते, तिचा हात यात बसलेला.

"काय आजोबा, सुट्टी संपली नाही तोच कपाळाला हात?"

"टिंगल नंतर कर. हे बघ."

प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि ती हलली की सर्व्हर नोंद करतो. तौनोच्या खेळातल्या कोठारात कंदील नव्हता, राइलीबाईंच्याही नव्हता. क्रमांक धरून नोंदी काढल्या. बावीस जून, तौनोकडून निघाला. त्याखाली, बावीस जुलै: बेवारस म्हणून काढला.

हिल्काने खुर्ची जवळ ओढली.

मागच्या वर्षी काही लबाडांनी भेट देता देता वस्तू दुप्पट करायची युक्ती शोधली होती. म्हणून आम्ही नियम केला, की वस्तू आधी देणाऱ्याकडून काढायची आणि घेणाऱ्याने भेट उघडली की मगच त्याच्या नावावर चढवायची. मधल्या काळात मालकाचा रकाना रिकामा. पुढे मे महिन्यात मी साफसफाईचा कोड लिहिला: ज्या वस्तूला तीस दिवस मालक नाही, ती पुसायची. वाटेतल्या भेटी माझ्या ध्यानातच आल्या नाहीत. मे महिन्यात लोक भेट दोन दिवसांत उघडतात, त्यामुळे चाचणीत काही दिसलं नाही. मग सगळे सुट्टीला तळ्याकाठी गेले. मीही गेलो.

"सर्व्हरच्या जुन्या प्रती?" मी विचारलं.

"सात दिवसांच्याच ठेवतो. बाईंनी लिहिलं तेव्हा कंदील असलेली शेवटची प्रत होती. अठ्ठावीस जुलैला ती पण गेली."

"मग ती ओळ?"

"नोंदीत मजकूर येत नाही, लोकांचं खासगी असतं. अक्षरं किती, तेवढंच येतं." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "एकोणसत्तर. फोन मी करू का?"

"नको. कोड माझा आहे."

बाईंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. मी सगळं सांगितलं. पुसणारा कोड मी लिहिला, हेही. तक्रार आली तेव्हा ओळ अजून होती आणि मी तळ्यात जाळी टाकून बसलो होतो, हेही.



"काहीच उरलं नाही?" त्यांनी विचारलं.

"ओळीत एकोणसत्तर अक्षरं होती. बाकी काही नाही."

"एकोणसत्तर?" त्या म्हणाल्या. "अहो, तो दुकानातून काय आणायचं तेही दोन शब्दांत लिहायचा. नीट बघितलंत ना?"

"दोनदा बघितलं."

"शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून?"

"धरून."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कागदाचा. तौनोने काय लिहिलं असेल, ते त्या पुटपुटत लिहायला लागल्या. एक ओळ पुरी झाली की अक्षरं मोजायच्या.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "हे नसणार."

आणि पुन्हा लिहायला लागल्या. मी फोन कानाला धरून बसून राहिलो.